वजनावर ठरलेलं

माझी लेक फातिमा दीड वर्षाची झाली तेव्हापासून तिच्या छातीत सूंसूं वाजायचं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कसली वाफ असते?"

"ॲसिडची," मी म्हटलं. हुपरीत आमचं चांदीच्या पैंजणांचं काम घरातच चालायचं, आणि तयार माल ॲसिडात उकळून उजळायचा तो चुलीशेजारी.

"पोर हवी असेल तर ते बाहेर काढा."

बाहेर म्हणजे घरामागच्या परड्यात पत्र्याची शेड. अमीन, माझा नवरा, नाही म्हणाला नाही. त्याला धंदाच बदलायचा होता. जाड, जुन्या घाटाचे पैंजण सोडून पेढीवाले मागत होते तशा हलक्या चेनपट्ट्या करायच्या होत्या. "ते जमलं की शेड," तो म्हणाला.

"जमलं हे ओळखायचं कशावरून? आधी ठरवा." कॉलेजात शिकलेली मी, शब्द धरून बसायची.

"वजनावरनं की," सासरे बाबालाल म्हणाले. "गेल्या म्हैन्यापरास जादा माल गेला, की जमलं."

"पण अब्बा, हलकं करायचंय ना? मग किती जोड गेले ते मोजा."

कारागीर कृष्णात हातातली पक्कड ठेवून हसला. "वैनी, चांदी काय अंडी हाय व्हय मोजाय?"

अमीनही हसला. हुपरीत मजुरी किलोवर आणि पतही किलोवर. वजनच ठरलं.

पहिले काही दिवस चेनपट्ट्या नाजूक निघाल्या. वजन भरेना. कृष्णातची मजुरी घसरली, सासरे रोज रात्री तराजू घेऊन बसू लागले. मग कुणी कुणाला न सांगता तार जाड होत गेली. मी एक पट्टी हातात धरून अमीनला दाखवली.

"जाड होतंय हे."

"होऊ दे. शेड पायजे न्हवं तुला?"

महिनाअखेर वजन भरलं, जादाच भरलं. अमीन पत्र्याची चौकशी करून आला, आणि पाठोपाठ पेढीवरून सगळा माल परत आला. शेठचा निरोप होता, हलकं मागितलं होतं, हे तुमचं जुनंच आहे.

सगळं पुन्हा वितळवायचं, तार ओढायची, उजळायचं. ॲसिड दिवसभर उकळायला लागलं. एका दुपारी खोकता खोकता फातिमाचे ओठ निळसर झाले.

"आता तरी शेड?"

"माल परत आला की गं," अमीन खाली बघत म्हणाला. "येत्या म्हैन्यात वजन भरलं की लगेच."

"परत वजनच?"

"मग दुसरं काय धरायचं?" सासऱ्यांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

मी पोरीचे कपडे पिशवीत भरले. गडमुडशिंगीला माझी आई होती. सासूबाई, खैरुनबी, वाफेपलीकडे भाकरी थापत होत्या.

"परत कवा येणार?"

"शेड उभी राहिली की, अम्मी."

त्यांनी मान वर केली नाही. "अमीनच्या आदी एक पोरगं झालतं मला. असंच वाजायचं. तवाबी शेडचं ठरलं हुतं." तव्यावरची भाकरी उलटून त्या म्हणाल्या, "जा. हितं थांबू नगंस."

मी पोरीचं तोंड पदरानं झाकलं आणि स्टँडची वाट धरली.