पहिल्या नंबरचं कुलूप

जुन्या शाळेतल्या घाणीपायी लेक दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसे आणि घरी येऊन पोट धरून बसे. म्हणून सहावीसाठी गावातल्या दोन्ही सरकारी शाळा बघताना आईने निकाल विचारलेच नाहीत, मुलींचं स्वच्छतागृह विचारलं.

"एकदम चकाचक, ताई! स्वच्छतेच्या स्पर्धेत पहिला नंबर आलाय," पहिल्या शाळेचे मुख्याध्यापक फुशारले.

"मग दाराला कुलूप का?"

"अहो, उघडं ठेवलं तर मुली वापरतील ना!"

दुसऱ्या शाळेत फरशी ओली होती, दाराचा रंग उडाला होता, पण कडी नीट लागत होती आणि बाहेर मुली रांगेत खिदळत उभ्या होत्या.

"आमचा नंबर कधी आला नाही हो," तिथल्या बाई ओशाळून म्हणाल्या.

"तेच बरं झालं, बाई," म्हणत आईने तिथेच लेकीचं नाव घातलं.