पिठाच्या डब्यातला कागद

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकट्या जावेला चिनीच्या वर्गात पहिल्याच तासाला बाईंची शाबासकी मिळाली तेव्हापासून. भरतकामाच्या कारखान्यात अठरा वर्षं सुया मोडल्या थोरलीने, आणि ही कालची आलेली बाहुली चिनी बोलणार! नवी मशिनं चीनहून आली होती. ती चालवायला शिकण्यासाठी दोघींपैकी एकीलाच तिकडे पाठवणार होते, आणि परत येऊन तिनेच बाकीच्यांना शिकवायचं होतं.

त्या आठवड्याचं क्रियापद होतं 'गेइ', म्हणजे देणं. सूर आधी खाली बुडवायचा, मग वर उचलायचा. 'गेइ वो' म्हणजे मला दे. शिवाय आईसाठी स्वयंपाक करायचा असो की कुणाला फोन करायचा, तिथेही हे 'गेइ' हजर. बाईंनी सगळी वाक्यं लिहून दिली. एका घरातल्या दोघी, म्हणून कागद एकच.

थोरलीने दोन दिवसांत तो घोकून पाठ केला आणि पिठाच्या डब्यात खुपसला.

"कागद कुठे हो ताई?" धाकटीने विचारलं.

"मला काय माहीत! तुझं तू बघ," थोरली म्हणाली, आणि तिला बरंही वाटलं.

परीक्षेत थोरलीने धडाधड उत्तरं दिली. मग धाकटी उठली. तिचंही एक वाक्य चुकलं नाही. सूर तर असा, की बाईंनी मान डोलावली. थोरलीचा नुसता जळफळाट झाला. मेली शिकली कुठून?

बाईंनीही तेच विचारलं.

"ताईंनी शिकवलं," धाकटी म्हणाली. "कागद रोज माझ्या हाताला लागेल असाच ठेवला होता त्यांनी."

तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात उजेड पडला. धाकटी घरात आल्यापासून तीन वर्षांत थोरलीने स्वतः कणीक मळलीच नव्हती. मोठ्या तोऱ्यात ते काम तिनेच धाकटीच्या गळ्यात मारलं होतं.

"उत्तरं दोघींची सारखीच. पण आम्हाला शिकवणारी हवीय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी थोरलीचं नाव लिहिलं.

बाहेर पडल्यावर थोरलीने विचारलं, "खरं का नाही सांगितलंस?"

"खोटं काय बोलले मी?" धाकटी हसली. "तिकडून माझ्यासाठी काहीतरी आणा म्हणजे झालं."

हवं ते पदरात पडलं होतं, तरी थोरलीचा जीव जळतच होता. असं हसणं तिला अठरा वर्षांत काय, उभ्या जन्मात जमलं नसतं.