आबांच्या मरणाची तालीम

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या सोमवारी, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर आबा वारले.

वारण्याआधी त्यांनी गिरणीच्या चाव्या माझ्यापुढे सरकवल्या, आईला स्वतःचं नाव घेऊन सांगितलं, "कोनी इचारं ते सांग, हिलाल नही शे," आणि ओट्यावरच्या खाटेवर पेपर घेऊन आडवे झाले.

याला कारण धुळ्याचा एक सल्लागार. दोंडाईच्याच्या व्यापाऱ्यांनी त्याचं व्याख्यान ठेवलं होतं : धंदा पुढच्या पिढीकडे कसा सोपवावा. जेवण होतं म्हणून आबा गेले. तो म्हणाला, मालकाने एकदा आठवडाभर आपण नाहीच असं समजून बाजूला व्हावं, म्हणजे धंदा कुणाच्या जिवावर चालतो ते कळतं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी ते मनावर घेतलं.

आमचा लाल तिखटाचा धंदा. मिरची वाळवायची, दळायची, पाकिटात भरायची. घरोघरी वर्षाचं तिखट करायचे दिवस, गिरणीसमोर बायकांची रांग, आणि मालक वारलेला.

"आबा, या घाण्यात तिखट मिरची किती टाकू?" मी ओट्यापाशी येऊन विचारलं.

आबांनी पान उलटलं.

"आबा!"

"मरेल माणूस बोलस का?"

"मंग आते कोन बोलनं?" आतून आई म्हणाली.

दुपारी आबांसाठी फोन आला. आईने सांगितल्याप्रमाणे सांगितलं, ते नाहीत. संध्याकाळी आबांचे मित्र मगनभाऊ डोळे पुसत टॉवेल-टोपी घेऊन हजर. आमच्याकडे दुखवट्याला आलेला माणूस मयताच्या मुलाला टोपी घालतो. खाटेवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या आबांना पाहून ते जागीच थांबले.

"टोपी पोऱ्याले घाल," आबा म्हणाले. "माले नको."

मगनभाऊंनी ती घातली. एवढ्या उन्हात आणलेली टोपी परत कोण नेणार? अशा रीतीने मी धंद्याचा वारस झालो.

वारस झाल्यावर कळलं, की मला धंदा नकोच होता. म्हणजे हवा होता, पण एकट्याला नको होता. मला पुनमअक्का हवी होती.

पुनमअक्का माझी मोठी बहीण, भडगावला दिलेली. लग्नाआधी गिरणी तीच चालवायची. कोणती मिरची किती, कुणाला उधार, कुणाला नुसता नमस्कार, सगळं ती बघायची. आबा गल्ल्यावर बसून हिशेब नीट आहे असं म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी ती आखाजीला आली, तेव्हा आबांनी तिला थेट कचेरीत नेलं आणि हक्कसोड करून घेतली. बहिणीने वाटा सोडायचा, भावाने साडी घ्यायची, सगळ्यांकडे असंच असतं. तिने सही केली. परत येताना म्हणाली, "जरा गिरणीत जाऊन येते." आबा म्हणाले, "पाहुनीनी कसाले धूळ खावानी?"

त्यानंतर ती आली नाही. आखाजी सासुरवाशिणींचा सण, म्हणून आबा दर वर्षी अंगणातल्या लिंबाला स्वतः झोका बांधतात. दोर बळकट आहे का बघायला म्हणून बराच वेळ त्यावर बसतात. उठले की रिकामा झोका हलत राहतो आणि आबा म्हणतात, वारा शे. वैशाखात दोंडाईच्याला वारा नसतो.

बुधवारी मी मालकाच्या अधिकारात ओट्यावरूनच अक्काला स्पीकरवर फोन लावला.

"अक्का, आबा आठवड्यापुरते वारलेत."

"उन्हात फिरलास का रे?"

मी सगळं सांगितलं. ती हसली. तीन वर्षांत ऐकलं नव्हतं ते हसू. तेवढ्यात मी म्हणालो, "आता मालक मी. आखाजीला ये."

तिचं हसू थांबलं. मग म्हणाली, "दर वर्षी आई फोन करते, तू फोन करतोस. दारात न्यायला मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जाते का? फोन करून बोलावतात ते गिऱ्हाईक."

"मग मी येतो घ्यायला."

"तू नको. ज्यांनी पाहुणी केलं, त्यांनी यावं."

"ते वारलेत ना."

"मग राहू दे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

पेपर खूप वेळ त्याच पानावर होता. मग आबा उठले, धोतर झटकलं.

"टेम्पो काढ."

"आबा, आठवडा संपायचाय अजून—"

"मयतले गाडी लागसच."

अमळनेर, पारोळा करत आम्ही भडगावला निघालो. वाटभर आबा काहीतरी पुटपुटत होते. अक्काला काय म्हणायचं त्याची मांडणी चालली होती. सल्लागाराचे एक-दोन शब्दही त्यात ऐकू आले.

दार अक्कानेच उघडलं. आबांना पाहून तिने पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. आबांचं भाषण पारोळ्यालाच कुठेतरी सांडलं असावं. ते एवढंच म्हणाले,

"पानी दे."

आबा लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. जुना नेम. त्यांची भरलेली बाटली टेम्पोत होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं, आत गेली, तांब्या घेऊन आली. आबांनी उभ्यानेच तो रिकामा केला.

"आते मी तुना घरना पाहुना," ते म्हणाले. "फिटनं?"

"नाही," अक्का म्हणाली. "मला गिरणीत बसायचं होतं, आबा. साडी नको होती."

"माले माहीत व्हतं."

"मग?"

"लोके हसतीन असं वाटनं." आबा तांब्याकडे बघत म्हणाले. "आते मरीसन पाह्यं. लोके तसाबी हसतस. वकील म्हनस, जुना कागद मांगे फिरस नही, पन भागीदारना नवा करता येस. अर्धी तू, अर्धा हाऊ टोपीवाला."

अक्का आत गेली. आबा तिथेच उभे, रिकामा तांब्या दोन्ही हातांत धरून.

"इचार ना तिले, येस का," ते हळूच मला म्हणाले.

"तुम्हीच विचारा. मुराळी तुम्ही आहात."

आबांनी घसा खाकरला. आणि ती शाळेत जायची तेव्हा गिरणीतून मारायचे तशी, चक्कीच्या आवाजावर चढवलेली हाक मारली, "पुनीऽऽ!"

"ओ," आतून आलं. "पिशवी सापडत नाहीये. दोन आखाज्या लागलीच नाही ती."