सातही गाड्यांची मागची सीट

मोटरसायकल घ्यायची ठरली की आमच्या गल्लीतले लोक शोरूममध्ये जायच्या आधी माझ्याकडे येतात. ही घेऊ की ती, एवढाच प्रश्न असतो, पण मी तासाभराच्या आत कुणाला सोडत नाही. औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून चौतीस वर्षं मी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर दुचाकीवर काढले. सात मोटरसायकली घेतल्या, पिदडल्या, विकल्या. त्यामुळे या विषयात कुणी मला अक्कल शिकवायला लागलं की माझं डोकं सटकतं. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी गाडीचं विचारलं की जेवण गार झालंच म्हणून समजावं."

पहिली निळी. सेकंडहँड होती, धूर इतका सोडायची की मागचे लोक शिव्या घालत, पण चढावर कधी दगा दिला नाही. दुसरीला मी म्हैस म्हणायचो. वजन तसंच आणि स्वभावही तसाच, मनात आलं की रस्त्याच्या मधोमध बसायची. तिसरी मास्तरीण. चोक, पेट्रोलचा कॉक, किक, सगळं क्रमाने केलं तरच सुरू होणार, एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चौथीला नाव ठेवायच्या आत ती विकली. पाचवी गुणी, अ‍ॅव्हरेज उत्तम, पण तिच्यावर बसून कुणी वळून बघेल अशी आशा करण्यात अर्थ नव्हता. सहावी नखरेल. सातवी, आत्ताची, मुकी. इंजिन सुरू आहे की बंद, हे कधीकधी हात लावून बघावं लागतं.

इंजिन, गिअर, ब्रेक, क्लच यांत प्रत्येकीचं काही ना काही कमीजास्त होतं. सीटच्या बाबतीत मात्र माझं नशीब थोर. सातही गाड्यांची सीट अशी निघाली की दिवसभर बसलं तरी कंबर तक्रार करत नसे. हे मी लोकांना छातीठोकपणे सांगायचो. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याने माझं ऐकून अगदी मुकीसारखीच गाडी घेतली आणि महिन्याभराने फेंगड्या पायांनी चालत माझ्याकडे आला.

"काका, सीट आहे की फळी?"

"तुझी बसण्याची पद्धत चुकते," मी म्हटलं, आणि त्याला पाठ कशी ठेवायची यावर अर्धा तास ऐकवलं. बिचारा मान डोलावून गेला.

आता माझ्या बायकोबद्दल. ती घरीच शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन आहे, टेबलावर शाळेचे गणवेश, पडदे आणि लोकांच्या ढगळ झालेल्या पँटींचा ढीग. नवीन गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी ती सीट काढून आत न्यायची आणि वरून तिच्या पसंतीचं कव्हर शिवायची. कंपनीच्या शिलाईवर तिचा कधीच विश्वास नव्हता. मी म्हणायचो, हौस आहे, करू दे.

रविवारी आम्ही दोघं तिच्या बहिणीकडे जायचो, नदीपलीकडे. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून हा नेम. मी पुढे, ती मागे, आमच्या मध्ये डब्याची पिशवी. माझी मेहुणी दारात उभी राहून घड्याळ बघायची आणि आम्ही दिसलो की म्हणायची, "आले एकदाचे राजाराणी."

आठ महिन्यांपूर्वी आम्ही पडलो. अगदी हळू होतो, वळणावर खडी पसरली होती, मागचं चाक सरकलं आणि दोघंही आडवे. तिच्या कोपराला खरचटलं, माझा गुडघा सुजला, बाकी काही नाही. पण पुढच्या रविवारी ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मला नाही बसायचं." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी एकटा तरी कशाला जाऊ? मेहुणीचे फोन येत राहिले आणि आम्ही कारणं सांगत राहिलो.

मला ते फार लागलं. चाळीस वर्षं जी बाई डोळे मिटून माझ्या मागे बसली, तिचा एका खडीच्या ढिगापायी माझ्यावरचा विश्वास उडाला. मी हँडलवरचे स्वतःचे हात बघू लागलो, थरथरतात का ते. रस्त्यात कुणी तरुण पोरगा सुसाट पुढे गेला की वाटायचं, झालं, आपले दिवस संपले. हे मी कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर रडलो असतो, आणि ते मला नको होतं.

मग ठरवलं, आठवी गाडी घ्यायची. ब्रेक दाबला तरी चाक सरकत नाही अशी. तीन आठवडे शोरूम पालथी घातली, टायरच्या रुंदीपर्यंत तुलना केली. एका संध्याकाळी तिच्यासमोर तीन माहितीपत्रकं ठेवली.

"यातल्या कुठल्यावरूनही आपण पडणं शक्य नाही."

तिने सुईत दोरा ओवता ओवता नजर टाकली. "छान आहेत. घ्या की."

"आणि तू?"

"मी नाही बसणार. तुम्ही घ्या."

मी इतका चिडलो की न जेवता झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकीला घेऊन वस्तादकडे गेलो. वस्ताद म्हणजे माझा मेकॅनिक, पाचव्या गाडीपासूनचा मित्र. दातांत सतत एक काडी. विकायच्या आधी गाडी नीट करून दे म्हटलं आणि बोलता बोलता सगळं ओकलो. त्याने काडी या बाजूची त्या बाजूला केली.

"तुम्ही कधी मागे बसलात का?"

"मी कशाला मागे बसू?"

"वहिनींना काय दिसतं ते तरी बघा. मग त्यांच्याशी भांडा."

मी आयुष्यात कुणाच्या मागे बसलो नव्हतो. ऑफिसचा साहेब सोडतो म्हणाला तरी पायी जायचो. पण भांडायला मुद्दे हवे होते, म्हणून बसलो. वस्तादने गाडी नदीच्या पुलापर्यंत नेली आणि परत आणली. जेमतेम सहा किलोमीटर. पुढचं काही दिसत नव्हतं. खड्डा येतोय हे तो पार्श्वभागाला कळल्यावरच कळत होतं. धरायला काही नाही, ब्रेक लागला की नाक वस्तादच्या पाठीवर. आणि सीट! लोखंडी बाकावर बसवून कुणी रस्त्याने ओढत नेल्यासारखं झालं. गॅरेजसमोर उतरलो तेव्हा मी अगदी चष्मेवाल्यासारखा चालत होतो.

"मागची सीट खराब झालीय," मी म्हटलं. "पुढे तर गादी आहे."

"एकच सीट असते हो. पुढे गादी आणि मागे फळी असं कंपनी कशाला करेल?"

"उघड."

वस्तादने सीट काढून उलटी केली, पेचकसाने रेक्झिनच्या पिना उचकटल्या आणि कव्हर मागे ओढलं. दोघंही बघत राहिलो. पुढच्या भागात कंपनीच्या फोमवर आणखी एक फोमचा थर होता, त्यावर जाड लोकर, तीही ओळखीची. माझा जुना राखाडी कोट. सगळं एकमेकांना बारीक टाक्यांनी असं जोडलेलं की कुठे सुरकुती नाही. मागच्या भागातला फोम धारदार पात्याने वरून सरळ कापून काढला होता. उरलेला थर बोटभरही नव्हता. पुढचा जास्तीचा तुकडा उचलून वस्तादने मागच्या खाचेवर ठेवला, तर तंतोतंत बसला.

"हे माझं काम नाही," वस्ताद म्हणाला. त्याच्या तोंडातली काडी पडली होती.

मला टाके ओळखता आले. माझ्या सगळ्या शर्टांच्या कॉलरवर तेच आहेत.

घरी गेलो तर ती पडद्याला दुमड घालत होती. मी सीट तशीच उघडी टेबलावर ठेवली, गणवेशांवर. ती थांबली. मशीनचं चाक हाताने धरून तिने थांबवलं.

"सगळ्यांच्या?" मी विचारलं.

"निळीवर नुसती वरून गादी शिवली होती. तेव्हा सीट कशी उघडतात ते ठाऊक नव्हतं."

"म्हणजे सहा गाड्यांवर तू फळीवर बसलीस."

"मी कितीशी बसायचे? रविवारी जाऊन येऊन दोन तास. तुम्ही रोज दिवसभर. संध्याकाळी घरी आलात की कंबर धरून बसायचात, बुटांची नाडीसुद्धा सुटायची नाही हातांनी. तसला फोम बाजारात मिळेना, मग माझा काढला. त्यात एवढं काय?"

"मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर बसला असतात?"

चाळीस वर्षं मी लोकांना सीटबद्दल भाषणं दिली, आणि ती आत बसून निमूट ऐकत होती.

"मग आता काय झालं?" मी म्हटलं. "चाळीस वर्षं बसलीस, मग आताच का नाही?"

तिने पडद्याची घडी घातली, उगीचच पुन्हा उलगडली.

"खुबा दुखतो. दोन वर्षं झाली. पाय पलीकडे टाकता येत नाही. आपण पडलो त्या दिवशी मी कशी चढले ते माझं मला माहीत. डॉक्टर म्हणाले, आता गाडीवर बसायचं नाही."

"आणि मला वाटत राहिलं की मला चालवता येत नाही म्हणून..."

"ते चुकलंच माझं." तिचा आवाज बारीक झाला. "वाटलं, पडल्याचं निमित्त आहे तर नवीन गाडी घ्याल. नवीन गाडी आली की तुम्ही दोन वर्षं खूश असता. खुब्याचं सांगितलं असतं तर माझ्यासाठी दुचाकीच सोडली असतीत."

"सोडतोच! आजच विकतो!"

"बघा, म्हणूनच नव्हतं सांगितलं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची खिडकी उघडली. मग आम्ही दोघंही रडलो. आधी ती की आधी मी, ते सांगत नाही.

मी तिथल्या तिथे पुढचे थर उसवायला कात्री घेतली. तिने ती हातातून काढून घेतली. "हात लावाल तर याद राखा. पुन्हा शिवून देणार नाही." दुपारी तिने कव्हर बसवलं आणि सीट माझ्या हातात दिली, पूर्वी होती तशीच.

संध्याकाळी चष्मेवाल्याकडे जाऊन मी माफी मागितली. तुझी पद्धत बरोबर होती, माझी माहिती चूक होती, एवढंच म्हणालो. तो इतका चकित झाला की त्याने मला फुकट चष्मा पुसून दिला. आठव्या गाडीचा विषय मी मनातून काढून टाकला.

रविवारी टॅक्सी बोलावली. मीही तिच्यासोबत टॅक्सीत बसणार होतो, पण तिने दार आतून लावून घेतलं. "तुम्ही गाडीवर या. तुम्ही आत बसलात की त्या ड्रायव्हरला शिकवत बसाल." खरं होतं. मी टॅक्सीच्या मागे निघालो. वळणावर खडी अजून तशीच होती, मी ती हळूच ओलांडली. पुलाआधी मोठा सिग्नल आहे. तो लाल झाला आणि मी टॅक्सीच्या खिडकीला लागून थांबलो. तोंड झाकणारं हेल्मेट मला सहन होत नाही, माझं पुढून उघडं असतं.

तिने काच खाली केली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही." ती खिडकीवर हात ठेवून थोडी पुढे झुकली. "चाळीस वर्षं तुमची पाठच बघितली हो मी. गाडी चालवताना तुम्ही हसता, हे मला माहीतच नव्हतं."

हे मलाही माहीत नव्हतं. मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्नचा गिल्ला केला, आणि तिने ड्रायव्हरला सांगितलं, "जरा हळू घ्या हो. त्यांना बरोबर राहू द्या."