अकरा चाळीसला विझलेला प्रवाह

मंगळवारी सकाळी अकरा चाळीसला नळीतली खळबळ थांबली. नळी खरी नव्हतीच, संगणकातली होती, नुसत्या आकड्यांची. अकरा आठवडे तिच्यातून पाणी भोवरे काढत, वेडंवाकडं घुसळत वाहत होतं, आणि त्या भोवऱ्यांत पुन्हा पुन्हा डोकावणारे आकार शोधण्यावर एका संशोधक मुलीचा प्रबंध उभा होता. बुधवारी ती येऊन बघते तर पाणी सरळ रेघेत, शहाण्या मुलासारखं चाललेलं. ती आधी घाबरली. मग चिडली, कारण चिडणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

यंत्रांच्या खोलीतल्या वहीत मंगळवारची एकच नोंद होती: अकरा वीस, यंत्राचा पंखा साफ केला. अक्षर काकांचं. काका म्हणजे सगळ्या संस्थेचे काका, वीस वर्षं सर्व्हर सांभाळणारे, तेही दरवर्षी नव्या करारावर. तिने मागचापुढचा विचार न करता तक्रार ठोकली. दुपारपर्यंत काकांकडून किल्ली काढून घेतली गेली. सोमवारी चौकशी, तोवर घरी बसा.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सोमवारची साठवलेली स्थिती आहे ना? तिथून पुन्हा चालव. त्याच यंत्रावर."

तिने चालवलं. काका घरी, खोलीला कुलूप, आणि तरी प्रवाह नेमका त्याच पायरीला येऊन विझला. रविवारच्या स्थितीपासून चालवला, तरी तेच. मग तिने एका आकड्याचं बारावं दशांशस्थळ एकाने बदललं, तर तो पठ्ठ्या विझायचं नाव घेईना. कोडं सुटायचं राहिलं बाजूला, त्याला आणखी फाटे फुटले.

"सगळा प्रवाह मिळून एक माणूस समज," बाई म्हणाल्या. "हजार खोल्यांच्या घरात भटकतोय. प्रत्येक खोलीत जरा रेंगाळतो, टिकत कुठेच नाही. तू शोधतेस ते आकार म्हणजे या खोल्या. एका खोलीला बाहेर जायचं दार आहे; बाहेर म्हणजे तुझी ती सरळ रेघ. कधीतरी पाय तिकडे वळतात, आणि बाहेरून आत यायला वाट नाही."

"पण अकरा आठवड्यांनीच का?"

"त्याला 'का' नाही गं. काल सुरू झालेली खळबळ असो नाहीतर अकरा आठवड्यांची, पुढच्या क्षणी विझायची शक्यता दोघींची सारखीच."

गंमत म्हणजे हे सगळं तिने स्वतः दोन वर्षं वर्गात शिकवलं होतं. तेव्हा मधे कोणाची नोकरी आलेली नव्हती. आता तेच वाक्य वहीत लिहून तिने तीनदा वाचलं. वाचताना कळायचं, खुर्चीतून उठलं की निसटायचं. एवढं मात्र पक्कं होतं की काकांनी काही केलेलं नाही. त्यांना फोन करायला मात्र तिला लाज वाटली, आणि शनिवार-रविवार तसेच गेले.

सोमवारी ती आलेखांचे कागद घेऊन कार्यालयात गेली. "तक्रार मागे घ्यायची आहे."

"मग प्रवाह का थांबला, ते कारण लिहा," कारकून म्हणाला.

"कारण नाहीये."

"रकाना रिकामा सोडता येत नाही, मॅडम. आणि आता त्याची गरजही नाही. त्यांनी सकाळीच लेखी कबुली दिली."

काका बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन. ती धावतच गेली.

"काका, तुम्ही काहीच केलं नव्हतं! तो आपण होऊन थांबला."

"आपण होऊन?" काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अकरा आठवडे चाललं, मी पंखा पुसला, आणि वीस मिनिटांत आपण होऊन थांबलं? ताई, तुम्हाला तरी पटतंय का?"

"पटत नाही. पण खरं आहे."

"चार दिवस आठवत बसलो होतो. ही म्हणाली, तुमचं हल्ली काखेत कळसा नि गावाला वळसा, लागला असेल कुठे हात. मग मला आठवायलाच लागलं. ती पंख्यामागची तार, तिच्यावर माझं कोपर. अगदी डोळ्यांसमोर दिसतं."

तिने आलेख त्यांच्या हातात दिले. काकांनी चष्मा लावला, कागद सरळ धरला, मग उलटा धरून पाहिला.

"मी लिहून दिलंय ना, ताई," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मी केलंच असेल ना?"

आणि ते खरोखरच तिला विचारत होते.