कोटाच्या खिशातलं कार्ड

"अहो, मला दिवस गेलेत," बायको लाजत म्हणाली आणि माझी कात्री कापडातच थांबली.

दोन मुली पुरे म्हणून अडीच महिन्यांपूर्वी मी गुपचूप नसबंदी करून आलो होतो. आईनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मग हे मूल कुणाचं? विचारावं तर माझंच बिंग फुटणार. मी शिलाई मशीन चालवता चालवता समोरच्या इस्त्रीवाल्यावर नजर ठेवू लागलो. लेकाचा आमच्याच कपड्यांना एवढा वेळ का लावतो? आणि ही त्याच्याशी हसून काय बोलते? तिनं आणून ठेवलेला चहा माझ्या घशाखाली उतरेना. कप तसाच निवून जायचा.

पंधरा दिवसांनी डोकं फिरलं. दवाखान्यात जाऊन नर्सबाईंवरच उखडलो, "कसलं ऑपरेशन केलंत?"

"तीन महिने जपून राहा, मग तपासणीला या, असं कार्डावर लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "तोवर मूल राहू शकतं. कार्ड वाचलंत का?"

कार्ड मी न वाचताच लग्नातल्या कोटाच्या खिशात कोंबलं होतं.

धावत घरी आलो. कोट बायकोच्या मांडीवर होता, कार्ड तिच्या हातात. त्याची उसवलेली बाही शिवायला तिनं तो काढला होता. ऑपरेशनच्या तारखेवरचं बोट न उचलता ती म्हणाली,

"माझ्या हातचा चहा का निवत होता, ते आत्ता कळलं."