बाबांच्या नंबरवरचा ओटीपी

अक्षताने कॉलेजचा फॉर्म भरला तेव्हा बाबा होते, म्हणून मोबाइल नंबर त्यांचाच दिला होता. जूनमध्ये ते गेले. पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले, तरी लॅबमध्ये लॉगिन करताना ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जायचा. येरवड्याला घरी आई तो वाचायची, सहा आकडे तोंडपाठ करायची आणि त्याच मोबाइलवरून फोन लावायची. अक्षताच्या मोबाइलच्या स्क्रीनवर ‘बाबा’ अशी अक्षरं यायची. मग आई आकडे सावकाश सांगायची, वर ‘जेवलीस का’ हेही विचारायची.

एकदा ते नाव पाहून लॅबचे सर म्हणाले, “वडिलांना विचारल्याशिवाय तुमचा कॉम्प्युटर चालू होत नाही वाटतं?” सगळा वर्ग हसला. त्याच दुपारी अक्षताने ऑफिसात जाऊन बाबांचा नंबर काढला आणि स्वतःचा टाकला.

दुसऱ्या दिवशी काम झटक्यात झालं. संध्याकाळी ती घरी आली, तर आई बाबांचा मोबाइल हातात धरून दारातच बसली होती.

“आज कॉलेजला गेली नाहीस का गं?” आईने विचारलं. “दिवसभर हातातून खाली ठेवला नाही. ह्यांचा फोन एकदाही वाजला नाही.”